मानाचा नट

त्या चाकाचे नट मी आवळले नव्हते. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, दुकानातल्या कारागिरांना नाही, देवापुढे हात जोडून उभं असतानाही मनातल्या मनात म्हटलेलं नाही. लोक मला कमी बोलणारा म्हणून ओळखतात. तो स्वभाव पहिल्यापासूनच आहे. त्याच्या आड काय काय लपवता येतं, ते मात्र मला उशिरा कळलं.

नांदेडात माझं टायरचं दुकान आहे. वडिलांच्या काळी तिथं पंक्चर निघायचे, ट्रक आणि ट्रॅक्टरवर सगळं चालायचं. मी अलाइनमेंटचं मशीन आणलं, समोर काच लावली, मागे गाडीची कंपनी देत नाही तसली मोठी अलॉय चाकं टांगली. पोरांना वेड लागलं. जीपला ट्रॅक्टरसारखी चाकं मागायचे, लहान गाडीला जीपची. मी बसवून द्यायचो. आरशात बघावं तसं लोक त्या चाकांत स्वतःला बघायचे.

त्यात मी एक रीत काढली होती. नवी चाकं बसवली की शेवटच्या चाकाचा शेवटचा नट मोकळा ठेवायचा. तो गिऱ्हाइकाच्या घरातल्या मोठ्या माणसानं आवळायचा. लग्नात कानपिळीचा मान असतो ना, तसा हा मान. पान्याला हळद-कुंकू लावून तो तबकात ठेवायचा. पाना टॉर्कचा. म्हणजे नट जेवढा घट्ट हवा तेवढा झाला की पाना आपोआप ‘कट्’ असा वाजतो. तो आवाज आला की सगळे टाळ्या वाजवायचे, मोबाइलवर व्हिडिओ निघायचे. ‘मानाचा नट’ हे नाव मीच दिलं होतं. देगलूर-उदगीरकडचे लोक त्याच्यासाठी म्हणून माझ्याकडे यायचे. मला त्याचा अभिमान होता.

ती गाडी एका सरांची. वय तिशीच्या आत, लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. घर नांदेडला, शिक्षकांचं घर. गाडी दोन दारांची, लाल, जमिनीला टेकल्यासारखी. हैदराबादहून जुनी घेतलेली. आधीच्या मालकानं स्प्रिंगा कापून ती खाली बसवली होती, सायलेन्सर बदलला होता. सरांना आणखी दोन इंच मोठी चाकं हवी होती आणि टायर असे रुंद की मडगार्डच्या कडेला कडा लागावी.

मी म्हणालो, “सर, टायरचं रबर बोटभर राहील. आपले रस्ते बघा.”

“रस्ते सुधरायलेत भैय्या.”

“फिजिक्सचे सर असून असं?”

“फिजिक्स पोरांसाठी असतंय. गाडी माझ्यासाठी हाय.”

मला ते आवडले. म्हणून काम मनापासून केलं. मडगार्डची आतली कड गरम हवेनं तापवून आत वळवली, रंगाला तडा जाऊ दिला नाही. आतलं प्लास्टिक कापून जागा केली. चाकाच्या मधल्या भोकाचं माप गाडीशी जुळेना, तर लेथवर रिंगा करून घेतल्या. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचं टायर आत घासत होतं. ते घासणं जाईपर्यंत दोनदा सगळं उतरवून परत चढवलं. हे सांगतोय ते कौतुकासाठी नाही. कागदाच्या जाडीचा फरक ज्याला दिसत होता, तोच मी. हे आठवलं की आजही डोकं बधिर होतं.

चाकं बसवायची होती शुक्रवारी सकाळी. तीन चाकं बसली, आवळून झाली. चौथं, पुढचं डावं, मी स्टडवर, म्हणजे नट बसतात त्या आटेवाल्या दांड्यांवर, चढवलं आणि नट बोटांनी फिरवून टेकवले. नेहमीसारखा शेवटचा एक मोकळा सोडला. पाना घेणार तेवढ्यात घरचे लोक आले. ठरल्यापेक्षा लवकर. सरांच्या काकू पुढं, हातात तबक.

“थांबा, थांबा भाऊ. राहू लागला. आता हात नका लावू.”

काकूंचं माहेर देगलूरचं. तिकडं तेलंगणाच्या काठाला राहूकाळ पाळतात तसा आमच्यात कुणी पाळत नाही. पण गिऱ्हाइकाच्या श्रद्धेला मी कधी हसलो नाही, तोच तर माझा धंदा होता. मी पाना ठेवला. लोकांना गाडीभोवती फोटो काढायचे होते म्हणून जॅक काढून गाडी खाली घेतली. चहा मागवला. मध्ये दुसरी दोन गिऱ्हाइकं येऊन गेली.

बारा वाजून गेले, राहू सुटला. मग ओवाळायचं कुणी, हा प्रश्न आला.

सरांची आई ते लहान असतानाच गेली होती. त्यांना वाढवलं आत्यानं. आत्या म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना बाई म्हणायचे, मीही. बाईंचे यजमान फार लवकर वारलेले. त्या दुकानाच्या कडेला, टायरच्या ढिगाजवळ खुर्ची घेऊन बसल्या होत्या. तिथं बसायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अशा वेळी कुठं बसायचं ते त्यांना माहीत होतं.

सर म्हणाले, “आत्या, ये.”

काकू म्हणाल्या, “अरे मी हाय की. वन्संना बसू दे. त्यांचे गुडघे दुखायलेत.”

“गुडघ्यानं ओवाळत नसतात काकू.”

सगळे हसले. काकूसुद्धा हसल्या, पण तबक सोडेनात. सरांनीच ते त्यांच्या हातातून घेतलं आणि बाईंच्या हातात दिलं. बाई म्हणत होत्या, “नको रे बाबा. माझं काय काम हाय त्यात.” मग उठल्या. चारही चाकांना कुंकू लावलं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं. शाळेत फळ्यावर काढत असतील तसं, रेघा अगदी सरळ.

मग मानाचा नट. मी पाना त्यांच्या हातात दिला.

“भाऊ, किती जोर लावू?”

“कट् वाजेपर्यंत लावा बाई.”

त्यांनी पदर खोचला. दोन्ही हातांनी पाना धरला आणि ओढला. इतर लोक फोटोपुरतं ओढतात, उरलेलं मी आवळतो. बाईंनी माझी मदत घेतली नाही. दात आवळून ओढत राहिल्या आणि पाना वाजला.

“वाजला,” त्या म्हणाल्या आणि पहिलीतल्या मुलीसारख्या हसल्या.

टाळ्या झाल्या. नारळ फुटला. चार टायरखाली चार लिंबं ठेवली. सर बसले, लिंबं चिरडली, गाडी गेली. मी दारात उभा राहून हात हलवला. आदल्या दिवशीच मी त्यांना सांगून ठेवलं होतं की टायर रुंद आहेत, सुरुवातीला स्टिअरिंग थरथरेल, घाबरू नका.

त्या चाकाला पाच नट होते. एक बाईंनी आवळला. बाकीचे चार मी बोटांनी टेकवलेले तसेच होते. हे मी विसरलो कसं, ते मी स्वतःलाच इतक्यांदा विचारलंय. उत्तर एवढंच सापडतं की ‘कट्’ वाजलं म्हणजे काम संपलं, ही माझ्या अंगाची सवय झाली होती. तो नट नेहमी सगळ्यांत शेवटी असायचा. त्या दिवशी राहूकाळामुळं तो मधेच आला, आणि माझ्या डोक्यानं काम मिटवून टाकलं.

दुपारी फोन आला. काकू होत्या. आवाज ओळखू येत नव्हता. “भाऊ, गाडीचं चाक निघालं. लातूरच्या वाटेवर, लोह्याच्या पुढं.”

मी विचारलं, “कुठलं चाक?”

सर कसे आहेत हे मी नंतर विचारलं. आधी चाक विचारलं. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय, आणि लिहिताना माझे मलाच कान गरम वाटतायत. “डाव्या बाजूचं, पुढचं,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या बोटांच्या टोकांना ते चार नट जाणवले. हलके, थंड, टेकवलेले. मी मोबाइल कानाला धरून उभा होतो. दुकानात कॉम्प्रेसर चालू होता. कुणीतरी मला काहीतरी विचारत होतं, ओठ हलताना दिसत होते.

चाक सुटलं, गाडी ब्रेकच्या डिस्कवर घसरत ओढ्यावरच्या लहान पुलाच्या कठड्याला धडकली. दुसरं कुणी मधे आलं नाही. सरांचं खुब्याचं हाड मोडलं, मांडीचं मोडलं. चाक रस्ता ओलांडून तुरीच्या शेतात जाऊन पडलं होतं.

गाडी माझ्याच दुकानात आणली गेली. घरच्यांचा माझ्यावर विश्वास होता. इन्शुरन्सवाल्यांना कुणी कळवलं नाही. चाकं परस्पर बदललेली, क्लेम मिळणार नाही हे सरांनाच माहीत होतं. त्यामुळं ते चाक नीट पाहणारा माणूस जगात एकच, मी.

मी शटर अर्धं ओढून ते पाहिलं. हबवरचे चार स्टड शाबूत होते, आटेसुद्धा चांगले. म्हणजे त्यांचे नट फिरत फिरत वाटेत गळून पडले होते. चाकाची ती चार भोकं घासून लांबट झाली होती. पाचवं भोक गोल होतं. पाचवा स्टड मुळातून तुटला होता, पण नट त्याला तसाच धरून होता. त्या तुकड्यासकट चाकात अडकलेला. त्यावर कुंकवाचा डाग होता.

मी खाली बसलो. नांदेडपासून लोह्याच्या पुढंपर्यंत ती सगळी गाडी, तो सगळा वेग, एका नटावर गेला होता. सर शहरात सुटलेल्या चाकानं कुणाला मारून बसले नाहीत, नदीच्या मोठ्या पुलावरून खाली गेले नाहीत, ते त्या एका नटामुळं. त्या चाकावर खरं आवळलेलं जे काही होतं ते बाईंच्या हातचं होतं.

ते चाक मी भंगारात दिलं. नुसतं दिलं नाही. ॲल्युमिनियम वितळवतात तिथं स्वतः घेऊन गेलो आणि ते भट्टीत जाईपर्यंत उभा राहिलो.

इथवरचं सुद्धा कदाचित मी केव्हातरी बोललो असतो. चूक होते, कारागिराकडून होते. पुढचं मात्र चुकून झालं नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात काकू भेटल्या. सर आत होते, ऑपरेशन झालेलं. बाई जिन्याखाली बाकावर बसलेल्या, तिथून आमचं बोलणं ऐकू जाणार नव्हतं.

काकूंनी विचारलं, “खरं सांगा भाऊ. चाकात काही खोट होती का?”

“चाक कोरं होतं.”

“नट?”

“नट तर तुमच्यासमोर आवळला की.”

“तेच म्हणते मी. सगळं नीट होतं, मग हे कशानं झालं?” त्यांनी जिन्याकडं पाहिलं. “मी म्हणत होते त्याला. ऐकला न्हाई. तुम्ही पण होतात की ओवाळताना.”

माझ्यासमोर एक दार आपोआप उघडलं होतं. मला फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहणं मला जन्मभर जमलंय. पण त्या दिवशी मी बोललो.

“हो. मला पण तेव्हा जरा कसंतरीच वाटलं होतं.”

एवढंच वाक्य. काकूंनी मान हलवली. मी घरी गेलो, जेवलो, झोपही लागली. झोप लागली याचा धक्का मला सकाळी बसला.

पुढं काही महिने सर अंथरुणावर होते. मी भेटायला जायचो, फळं घेऊन. एकदा ते म्हणाले, “थरथरत होतं भैय्या. पण तुम्ही म्हणाला होतात ना, म्हणून थांबलो न्हाई.” मी मान हलवली. बाई त्या घरात हळूहळू कमी दिसू लागल्या. विचारलं तर काकू म्हणायच्या, “मुदखेडला गेल्यात, तिथं त्यांची एक खोली हाय.” मी जास्त विचारलं नाही. मानाचा नट मी बंद केला. गिऱ्हाइकं विचारायची, तर सांगायचो, मशीन नवीन आलंय.

मधे काही वर्षं गेली. मागच्या वर्षी सरांचं लग्न झालं, लातूरला, मोठ्या कार्यालयात. आमंत्रण द्यायला सर स्वतः आले होते, किंचित लंगडत. मी आणि बायको गेलो. मंगलाष्टकं सुरू झाली तशी मी मांडवात बाईंना शोधू लागलो. स्टेजवर नव्हत्या, पुढच्या रांगेत नव्हत्या. मी हात धुवायला म्हणून मागं गेलो. कोठीच्या खोलीत, मिठाईच्या खोक्यांमध्ये, कमरेला किल्ली लावून बाई बसल्या होत्या.

“अगं बाई, भाऊ तुम्ही? जेवलात का?”

“बाई, तुम्ही इथं काय करायलात? तिकडं अक्षता पडायल्यात.”

“पडू द्या. इथून ऐकू येतंय की सगळं. कोठीला माणूस नको का? सगळेच तिकडं गेले तर लाडू पाय लावून जातेत.”

मी हसलो नाही. म्हणालो, “सर बोलवत नाहीत का तुम्हाला?”

“त्यानंच सांगितलं,” त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. “म्हणला, आत्या, माझा न्हाई विश्वास ह्याच्यावर. पण तिच्या घरचे लोक हाईत, उगं कशाला विषय. बरोबर हाय त्याचं. आले की त्याचा पाय बघते मी. मी त्याच्या जागी असते तर मी पण हेच म्हणले असते.”

ज्या मुलानं काकूंच्या हातातून तबक काढून घेतलं होतं, तोच हा मुलगा. बाहेर ‘सावधान’ झालं, बँड वाजला. बाईंनी बसल्या जागी, भिंतीकडं तोंड करून, दोन तांदळाचे दाणे टाकले. खोक्यावर पडले ते.

मग त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, “तुम्हाला तर तेव्हाच कसंतरी वाटलं होतं म्हणे.”

माझं वाक्य. जवळजवळ शब्दाला शब्द तेच. व्हरांड्यात, हळू आवाजात, एकाच माणसाला सांगितलेलं. ते इतकी वर्षं त्या घरात फिरत होतं आणि शेवटी त्यांच्याजवळ येऊन थांबलं होतं.

“कोण म्हणलं?” मी विचारलं.

“वाईट वाटून घेऊ नका. मला उलट बरं वाटलं. घरच्यांचं मी मनावर घेतलं नसतं. भावजय काय, जुनं काहीतरी काढतेच. म्हणलं असतं, बोलू दे. पण तुम्ही बाहेरचे. त्यात यंत्रातले. तुमचा काय संबंध असल्या गोष्टीशी? तुमच्या तोंडून आलं म्हणल्यावर मला पटलं. मी आयुष्यभर पोरांना सांगितलं, असलं काही नसतंय. मग म्हणलं, असंल बाई. आपल्याला काय कळतंय.”

मी उभा होतो. इतके दिवस मला वाटायचं की काकूंनी त्यांना दोषी धरलं, मी फक्त अडवलं नाही. बाईंनी तर काकूंचं ऐकलंच नव्हतं. त्यांनी माझं ऐकलं होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. मी तोंड उघडलं आणि त्या म्हणाल्या, “थांबा, वहिनींसाठी लाडू न्या.” त्यांनी एक खोका घेतला आणि टेबलाच्या कडेला ठेवला. मी हात पुढं केला होता. त्यांनी खोका बोटानं माझ्याकडं सरकवला.

“घ्या तिथून. मी आता हातात देत न्हाई कुणाच्या.”

मी तो खोका घेतला. बाहेर आलो, पंगतीत बसलो, वाढलेलं सगळं खाल्लं. बायकोनं विचारलं, चेहरा असा का झालाय. म्हणालो, गरम होतंय.

त्यानंतर एकदा मुदखेडला गेलो. बाईंच्या दारातल्या तुळशीपर्यंत गेलो. आतून शिकवण्याचा आवाज येत होता, कुणा पोरांना पाढे सांगत होत्या. म्हटलं, पोरं जाऊ देत. पोरं गेली. बाई दारात आल्या, म्हणाल्या, “या की.” मी म्हणालो, “इकडून चाललो होतो, सहज.” चहा घेतला. चहा त्यांनी स्टुलावर ठेवला. तोही मी तिथून उचलून प्यायलो आणि परत आलो.

आधी मला भीती होती ती केसची आणि दुकानाची. आता ती राहिलेली नाही. दुकान मुलगा बघतो, आणि इतक्या वर्षांनी कोण काय करणार. आता जे अडवतं ते वेगळं आहे. ते सांगितलं की बाईंना कळेल, की सुनेच्या डोक्यावर अक्षता टाकायचा क्षण त्यांनी एका टायरवाल्याच्या वाक्यापायी भिंतीकडं तोंड करून घालवला. तो क्षण मी त्यांना परत देऊ शकत नाही. आणि चाक तर मी वितळवून टाकलंय. माझ्या शब्दाशिवाय दुसरा पुरावा उरलेला नाही, आणि त्या शब्दाची किंमत काय ते मीच दाखवून दिलंय.

सरांना आता मुलगी झालीय. बारशाचं आमंत्रण आलंय. बाई पाळण्याजवळ उभ्या राहणार नाहीत, हे मला आत्ताच माहीत आहे.

बाईंचं माझ्याकडं हे येणं आहे: सरांच्या आणि काकूंच्या समोर, बाईंच्यादेखत, मी म्हणायचं की चार नट मी आवळले नव्हते, पाचवा बाईंनी आवळला होता, आणि शेवटपर्यंत सुटला नाही तो तेवढा एकच. आणि मला तेव्हा कसंतरी वाटलं होतं, हे खोटं होतं. मला काहीही वाटलं नव्हतं. हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.